डिसेंबर ते मे: अमेरिकेच्या आग्नेय डोंगराळ भागात ट्राउटचं फ्लाय फिशिंग

प्रश्न थोडक्यात असा: अटलांटाजवळ राहणाऱ्या एका मराठी वाचकाने उन्हाळ्यात फ्लाय फिशिंग (गळावर पिसं-धागे बांधून केलेल्या नकली किड्याने, म्हणजे फ्लायने, मासा पकडणं) शिकून घेतलं आहे. डिसेंबर ते मे या काळात जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना आणि टेनेसीत ट्राउट (थंड पाण्यातला मासा) गळाला लागतो का, कोणत्या नदीवर जावं आणि कोणत्या फ्लाय घ्याव्यात, हे त्यांना हवं आहे.

लागतो. खालच्या उंचीवरच्या कित्येक नद्यांचा तर हाच खरा हंगाम, कारण जून उजाडला की त्या ट्राउटच्या सोसण्यापलीकडे तापतात. फक्त प्रश्नांचा क्रम बदला. आधी पाण्याचं तापमान, मग प्रवाह किती आणि कुठून येतो, मग फ्लाय किती खोल जाते, आणि फ्लाय कोणती हे सगळ्यात शेवटी. हिवाळ्यात रिकाम्या हाताने परतणारे बहुतेक जण फ्लाय बदलत बसलेले असतात, आणि फ्लाय माशाच्या दोन फूट वरून वाहत असते.

या भागात ट्राउटचं पाणी दोन जातींचं आहे. पहिली जात डोंगरातून उतरणाऱ्या नद्या आणि ओढ्यांची: स्मोकी पर्वतातली लिटल रिव्हर, ओकोनालुफ्टी, डीप क्रीक, ब्रेव्हार्डजवळची डेव्हिडसन. यांचं तापमान हवेमागे चालतं. दुसरी जात धरणाच्या तळातून सोडलेल्या पाण्यावर जगणाऱ्या नद्यांची, म्हणजे टेलवॉटर: टेनेसीतल्या साउथ होल्स्टन, वटॉगा, क्लिंच, हायवासी आणि तुमच्या दारातली, ब्युफर्ड धरणाखालची चॅटाहुची. उन्हाळ्यात खोल तलावाचं पाणी थरांत विभागतं आणि थंड थर तळाशी राहतो, म्हणून दक्षिणेच्या उकाड्यातही या नद्यांत ट्राउट टिकतो. हिवाळ्यात तेच पाणी उलट कामाला येतं. जानेवारीत डोंगरातला ओढा ३६ अंश फॅरेनहाइटवर असतो तेव्हाही एवढा मोठा तलाव तितका थंड होत नाही. म्हणून कडाक्याच्या थंडीत धरणाजवळचे पहिले काही मैल धरावेत. जितकं खाली जाल तितका हवेचा अंमल वाढतो.

चॅटाहुचीबद्दल एक जास्तीची गोष्ट. शरद सरता सरता लेनिअर तलावातले थर मोडतात आणि तळाचं लोह-मँगनीज ढवळून नदीत येतं. पाणी काही आठवडे हिरवट-तपकिरी दिसतं. मासे तिथेच असतात, पण लांबून बघत नाहीत. अशा वेळी बारीक मिज (इवल्या माशीची नक्कल) गुंडाळून ठेवा आणि काळा वुली बगर (पिसांचा जाडसर फ्लाय) किंवा ठळक रंगाची निम्फ (किड्याच्या पाण्याखालच्या पिल्लाची नक्कल) वापरा.

थर्मामीटर दहा-पंधरा डॉलरला मिळतो आणि महागड्या रीलपेक्षा जास्त मासे देतो. आकडे (फॅरेनहाइटमध्ये) साधारण असे धरा. ३९ अंशांच्या खाली, म्हणजे ४ सेल्सिअसच्या आत, डोंगरी ओढ्यावर वेळ घालवू नका, टेलवॉटर गाठा. ४० ते ४५ या पट्ट्यात ट्राउट खातो, पण आपल्या जागेवरून काही इंचच हलतो. तेव्हा खोल, संथ पाणी आणि तळाला लागून जाणारी निम्फ. ४५ ते ५० मध्ये मासे डोहाच्या तोंडाशी, खळाळाच्या खालच्या कडेला सरकतात. ५० च्या वर दोन-तीन दिवस टिकलं की वसंतातले किडे पाण्यावर येऊ लागतात. ५० ते ६५ हा सुखाचा पट्टा. ६८ ला दोरी गुंडाळा, कारण त्या पाण्यात दमलेला मासा सोडला तरी बऱ्याचदा वाचत नाही.

आकड्याइतकीच त्याची दिशा महत्त्वाची. सकाळी ३९ असलेलं पाणी दुपारी ४३ झालं तर मासे जागे होतात. काल ५० असलेलं आज ४५ वर घसरलं तर तोंड मिटतात, जरी ४५ हा आकडा कागदावर बरा दिसत असला तरी. जानेवारीत पहाटे उठून जाण्यात काही अर्थ नाही, अकरा ते तीन पुरे. पानगळ झालेली असते, तेव्हा दुपारचं ऊन थेट पाण्यावर येतं असा दक्षिणेकडे उघडा भाग निवडा. अरुंद घळीतली सावलीची पट्टी त्याच नदीवर दोन-तीन अंश मागे राहते. वर डोंगरावर बर्फ असेल तर मात्र उन्हाला फसू नका: बर्फ वितळून पाणी दुपारीच गार होतं. ढगाळ हवेतला कोमट पाऊस याच्या नेमका उलट, आणि पाणी चढू लागल्यानंतरचे पहिले एक-दोन तास मोठ्या ब्राउन ट्राउटसाठी उत्तम.

नवख्याने पहिला हिवाळा डिलेड हार्वेस्टच्या पाण्यावर काढावा. अशा ठरवून दिलेल्या पट्ट्यांत राज्य सरकार मासे सोडतं आणि थंडीचे महिने ते फक्त पकडून सोडून देता येतात, तेही एकेरी गळाच्या कृत्रिम आमिषाने. जॉर्जियात हा काळ १ नोव्हेंबर ते १४ मे, नॉर्थ कॅरोलिनात १ ऑक्टोबरपासून जूनच्या पहिल्या शनिवारपर्यंत. त्यानंतर मासे घरी नेता येतात, कारण उन्हाळ्यात त्यातले बरेचसे तसेही जगणार नसतात. जॉर्जियात टकोआ नदीचा ठरावीक पट्टा, अमिकलोला क्रीक, युनिकॉय स्टेट पार्कमधला स्मिथ क्रीक, साउथ कॅरोलिनाच्या सीमेवरची चॅटूगा, आणि अटलांटा परिसरात सोप क्रीकपासून यूएस ४१ च्या पुलापर्यंतची चॅटाहुची. नॉर्थ कॅरोलिनात वेबस्टर-डिल्सबरो भागातली टकसीजी आणि पॉवरहाऊसच्या वरची नँटाहाला.

इथे सोडलेल्या माशांचं वेळापत्रक ध्यानात ठेवा. नॉर्थ कॅरोलिनात ऑक्टोबर-नोव्हेंबरात मासे सोडतात, मग थेट मार्च, एप्रिल, मे. नवे सोडलेले मासे संथ डोहात घोळक्याने उभे असतात आणि भडक काहीही घेतात: गुलाबी-नारिंगी अंड्याचा फ्लाय, स्क्वर्मी वर्म (गांडुळासारखा फ्लाय), वुली बगर. जानेवारीत त्याच नदीत तेच मासे अनेकदा गळाला लागून शहाणे झालेले असतात, पुरांनी पांगलेलेही असतात. ऑक्टोबरात धो धो चाललेला अंड्याचा फ्लाय तेव्हा त्यांना पळवून लावतो. १८ ते २० नंबरची (नंबर मोठा तितकी फ्लाय छोटी) साधी निम्फ आणि पातळ टिपेट (दोरीच्या टोकाचा बारीक धागा) हाच उपाय. वर्दळीच्या डोहात उभं राहण्यापेक्षा दोन डोहांमधल्या खांद्याएवढ्या रुंदीच्या, कोणी न पाहिलेल्या खोलगट जागा शोधा.

आता सरंजाम. मोठ्या नदीसाठी ९ फुटी, ४ किंवा ५ वजनाची (हा दोरीच्या वजनाचा क्रमांक) दांडी. ओढ्यावर रोडोडेंड्रॉनच्या जाळीखाली साडेसात फुटी ३ वजनाची. ९ फुटी ५एक्स लीडर (दोरीपुढचा निमुळता धागा; एक्सचा आकडा मोठा तितका धागा पातळ), त्याच्या टोकाला १८ ते २४ इंच फ्लोरोकार्बन टिपेट. टिपेटची जाडी ठरवायला फ्लायच्या नंबराला ३ ने भागा: १८ नंबरला ६एक्स. क्लिंचसारख्या काचेसारख्या स्वच्छ, संथ पाण्यात २२ नंबरच्या मिजला ७एक्स लागतो. बाकी ठिकाणी ७एक्सचा हट्ट नको, कारण पातळ टिपेटवर मासा जास्त वेळ लढवावा लागतो.

दोन निम्फची जोडणी अशी. वरचा फ्लाय वजनदार: ८-१० नंबरची पॅट्स रबर लेग्ज किंवा १२-१४ नंबरची, मणी लावलेली हेअर्स इअर. त्याच्या गळाच्या वाकणाला १४ ते १८ इंच टिपेट बांधून खाली १८-२० नंबरची झेब्रा मिज किंवा फेझंट टेल. वरच्या फ्लायच्या साधारण ८ इंच वर टिपेटमध्ये एक गाठ मारा आणि तिच्या वर ६ नंबरचा एक स्प्लिट शॉट (चिमटून बसवायचा वजनाचा मणी) दाबा. गाठ नसेल तर शॉट घसरत फ्लायवर येऊन बसतो. इंडिकेटर म्हणजे ओढ दाखवणारा तरंगता गोळा; त्यापासून शॉटपर्यंतचं अंतर खोलीच्या दीडपट. अगदी संथ डोहात सव्वापट, नाहीतर दोरीत ढील राहून ओढ कळत नाही. इंडिकेटर शॉट जेमतेम तोलेल एवढाच छोटा. वाटाण्याएवढं काम असताना लिंबाएवढा गोळा लावला तर हिवाळ्यातली हलकी ओढ त्याला हलवतसुद्धा नाही.

वजन बरोबर आहे की नाही ते तळ सांगतो. तीन-चार फेकींत एकदा इंडिकेटर तळाला टेकल्यासारखा अडखळला पाहिजे. कधीच अडखळला नाही तर एक शॉट वाढवा, दर फेकीत अडकला तर एक काढा. वजन बदलायचं, खोली बदलायची, आणि हे दोन्ही जमल्यावरही काही होत नसेल तरच फ्लाय बदलायचा. पृष्ठभागावरचं पाणी तळापेक्षा वेगाने वाहतं, म्हणून इंडिकेटर फेसाच्या बुडबुड्यांपेक्षा किंचित सावकाश चालताना दिसला तर निम्फ खाली पोचली आहे असं समजा. तो बुडबुड्यांच्या पुढे पळत असेल तर दोरीचा मधला भाग वेगवान धारेत अडकून त्याला ओढतोय. दांडीचं टोक उचलून दोरी वरच्या अंगाला उलटवा, पण इंडिकेटर जागचा हलू न देता. हा मेंड फेक पडल्या पडल्या द्यायचा. निम्फ बुडाल्यावर दिला तर ती पुन्हा वर येते आणि सगळी खोली वाया जाते.

थंडीतली ओढ म्हणजे धक्का नव्हे. इंडिकेटर क्षणभर थबकतो, तिरका होतो, कधी नुसता फिरतो. संशय आला की दांडी प्रवाहाच्या खालच्या दिशेला, आडवी, फूटभर हलवा. वर जोराचा हिसका दिला तर ६एक्स तुटतो, आणि मासा नसेल तर सगळी जोडणी डोक्यावरच्या फांदीत जाते. एका रेषेत आठ-दहा फेकी, मग सहा इंच पुढची रेषा. उन्हाळ्यात तीन फेकींत पुढे सरकायची सवय असते ती इथे मोडावी लागते, कारण मासा फ्लायकडे येणार नाही, फ्लायच त्याच्या नाकासमोर गेली पाहिजे.

टेलवॉटरवर उतरण्याआधी पाणी सोडण्याचं वेळापत्रक बघणं हे सल्ल्यात मोडत नाही, जिवाशी गाठ आहे. टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीच्या धरणांचं वेळापत्रक तिच्या अॅपवर असतं, ब्युफर्डचं आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सकडे, टकसीजी आणि नँटाहालाचं ड्यूक एनर्जीकडे. नेमकं कोणतं धरण बघायचं यात लोक चुकतात. वटॉगा टेलवॉटरसाठी वटॉगा धरण नव्हे, त्याच्या खालचं विल्बर बघा. हायवासीसाठी हायवासी धरण नव्हे, अॅपलाचिया पॉवरहाऊस. तिथे पाणी धरणातून बोगद्याने मैलोगणती आत नेऊन खाली सोडतात. पाण्याची लाट एकदम सगळीकडे पोचत नाही. धरणापासून दहा मैलांवर ती काही तासांनी येते, म्हणून दुपारी बारा वाजता बंद झालेलं पाणी खालच्या भागात संध्याकाळी चढलेलं सापडू शकतं. भोंगा धरणाजवळच ऐकू येतो.

पाण्यात उभं असताना एक कोरडा दगड खुणेला ठरवा. तो भिजला, पाणी अचानक गार किंवा गढूळ झालं, वाळकी पानं वाहत येऊ लागली, की मासा गळाला असला तरी दोरी कापून काठ गाठा. आणि नदीच्या ज्या बाजूला गाडी आहे त्याच बाजूला राहा. ब्युफर्ड धरणापासून हायवे २० च्या पुलापर्यंत लाइफ जॅकेट अंगावर असणं सक्तीचं आहे, उथळ पाण्यात उभं असलात तरी. वेडर्सचा (पाण्यात उतरायच्या जलरोधक पोशाखाचा) कमरपट्टा सगळीकडेच घट्ट बांधलेला हवा.

हिवाळ्यात पाण्यावर उडणारे किडे तीनच लक्षात ठेवले तरी चालतात. मिज बारा महिने, २० ते २४ नंबर. ब्लू विंग्ड ऑलिव्ह १८ ते २२, आणि तो ढगाळ, रिमझिम, अंग आखडणाऱ्या दिवशीच चांगला येतो. लख्ख उन्हात वाट बघू नका. जानेवारी-फेब्रुवारीत डोंगरी नद्यांवर छोटी काळी स्टोनफ्लाय, १६-१८. मासे वर नाक काढताना दिसले तरी बऱ्याचदा ते पृष्ठभागाच्या इंचभर खालचं खात असतात. पाठीचा पर आणि शेपूट दिसतं पण तोंड दिसत नाही, बुडबुडा राहत नाही, तर ड्राय फ्लायखाली (पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायखाली) १० इंचांवर आरएस२ किंवा विना-मण्याची फेझंट टेल लटकवा.

वसंत इथे कॅलेंडरने येत नाही, उंचीने येतो. फेब्रुवारी सरता सरता खालच्या उंचीवर ब्लू क्विल हा किडा, १६-१८, आणि पाणी ५० ला टेकलं की क्विल गॉर्डन, १२-१४. स्मोकीत हा बहुतेक मार्चचा खेळ, दुपारी एक ते तीनच्या सुमारास, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत तो हजार-दीड हजार फूट वर चढत जातो. खालच्या नदीवर संपला म्हणून निराश होण्याऐवजी गाडी चढावर घाला. क्विल गॉर्डनची खोड अशी की तो निम्फच्या कवचातून तळाशीच बाहेर पडतो आणि पंख घेऊन वर येतो. म्हणून किडे दिसू लागण्याच्या आधीच्या तासाभरात १२ नंबरची सॉफ्ट हॅकल ओली फ्लाय (मऊ पिसांची, पाण्याखाली वाहणारी) खळाळात तिरकी फेकून दोरी ताणून वळवली तर मासे धडाधड लागतात. मेंड-बिंड विसरा, वर्षातल्या ज्या थोड्या वेळी ओढलेली फ्लाय चालते त्यातली ही एक.

एप्रिलमध्ये मार्च ब्राउन आणि कॅडिस येतात. वटॉगा टेलवॉटरवर एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत ग्रॅनम कॅडिस इतके येतात की चष्म्यावर बसतात. १४-१६ नंबरची गडद अंगाची एल्क हेअर कॅडिस, आणि मासे ती नाकारू लागले की तिच्याच मागे प्युपा (कोशातल्या कॅडिसची नक्कल). एप्रिलअखेरीपासून साउथ होल्स्टन आणि क्लिंचवर सल्फर नावाचे पिवळसर किडे, १६-१८. तिथले ब्राउन ट्राउट इतके चिकित्सक की १२ फुटी लीडर आणि खालच्या अंगाला ढील सोडत फेकलेली फ्लाय याशिवाय बघत नाहीत. मेमध्ये डोंगरी ओढ्यांवर पिवळ्या स्टोनफ्लाय येतात. झाडांना पानं फुटली की सावली येते आणि चांगला वेळ दुपारवरून सकाळ-संध्याकाळी सरकतो. हे न ओळखता मेच्या दुपारी उभे राहणारे पुष्कळ दिसतात.

पेटीत काय हवं? झेब्रा मिज काळी आणि लाल १८-२२, फेझंट टेल १४-२०, हेअर्स इअर १२-१६, पॅट्स रबर लेग्ज ८-१०, अंडी दोन रंगांत, वुली बगर ८ काळा आणि ऑलिव्ह, आरएस२ १८-२२, पॅराशूट अॅडम्स १२ ते २०, एल्क हेअर कॅडिस १४-१६, एक सॉफ्ट हॅकल. प्रत्येक नंबराच्या निदान तीन, कारण तळाला लावायच्या फ्लाय तळात हरवणारच. याहून जास्त घेऊ नका. एवढ्यातही पॅराशूट अॅडम्सचे चार नंबर असले तर वसंतातलं अर्धं काम होतं.

काही लहान गोष्टी. हवा गोठणबिंदूच्या खाली गेली की दांडीच्या कड्यांत बर्फ जमतो. टोक पाण्यात बुडवून वितळवा, बोटाने ओरबाडू नका, कडं निखळतं. माशाला अशा हवेत पाण्याबाहेर काढू नका, कल्ल्यांचा पडदा काही सेकंदांत गोठतो. गळाचं कुसळ पक्कडीने दाबून टाका, हात ओले करूनच धरा. सुती मोजे, सुती पँट घरी ठेवा. बर्फ असेल तर बुटाच्या फेल्टच्या (नमद्यासारख्या) तळाला ढेकळं चिकटतात, तेव्हा खिळे लावलेला रबरी तळ बरा.

ब्राउन आणि ब्रुक ट्राउट शरदात अंडी घालतात, रेनबो हिवाळा सरताना आणि वसंतात. खडीत ताटाएवढा ते परातीएवढा उजळ, धुतल्यासारखा गोल दिसला तर तिथून चालू नका आणि त्यावर उभ्या माशांवर फेकू नका. अंडी महिनाभराहून जास्त त्या खडीत असतात. साउथ होल्स्टनवर तर यासाठी दोन भाग नोव्हेंबर ते जानेवारी बंदच असतात.

परवान्याचं असं: जॉर्जिया आणि टेनेसीत नेहमीच्या परवान्यावर ट्राउटचा वेगळा परवाना लागतो. ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कात टेनेसी किंवा नॉर्थ कॅरोलिना, कोणत्याही एका राज्याचा परवाना पूर्ण पार्कभर चालतो आणि ट्राउटचा वेगळा लागत नाही. चेरोकी जमातीच्या पाण्यावर मात्र राज्याचा परवाना चालत नाही, जमातीचाच घ्यावा लागतो. सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळाने पश्चिम नॉर्थ कॅरोलिना आणि पूर्व टेनेसीतल्या नद्यांचं पात्र जागोजाग बदललं, मासे वाढवण्याची केंद्रंही नुकसानीत गेली. तेव्हा त्याआधीच्या नकाशांतले डोह आणि वाटा गृहीत धरू नका, आणि मासे कुठे सोडले जातात याची त्या वर्षीची यादी राज्याच्या वन्यजीव खात्याकडून बघा.

एका नदीवरून त्याच दिवशी दुसरीवर जाणार असाल तर बूट आणि वेडर्स घासून चिखल काढा. नॉर्थ कॅरोलिनातल्या वटॉगात २०१५ मध्ये व्हर्लिंग डिसीज (ट्राउटला होणारा परजीवी रोग) सापडला, टेनेसीतल्या टेलवॉटरमध्ये डिडिमो शेवाळ पसरलेलं आहे. ही दोन्ही ओल्या फेल्टच्या तळातून सहज प्रवास करतात. पूर्ण वाळवणं हा सगळ्यात सोपा उपाय, पण फेल्ट हिवाळ्यात चार-पाच दिवसही ओलं राहतं. आठवड्यात दोन नद्या करणाऱ्याने बुटांचे दोन जोड ठेवावेत.